लष्करी वाहने, छंद आणि घरची माणसे

(पुण्यातील एका उपनगरात झालेल्या शारदीय व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित भाग)



छंदावर बोला, असे संयोजकांनी सांगितले तेव्हा मालेतील आधीची पुष्पे कोणती, हे मी विचारून घेतले. पहिले पुष्प टपाल तिकिटांचे, दुसरे शिवकालीन नाण्यांचे. दोन्ही छंद सुसंस्कृत आहेत, अभ्यासपूर्ण आहेत आणि मुख्य म्हणजे कपाटात मावतात. माझ्या छंदाचे वजन सुमारे अकराशे किलो आहे. त्यातून तेल ठिबकते आणि तो सुरू केला की शेजारच्या इमारतीतील खिडक्या बंद होतात. सेवेतून निवृत्त झालेली लष्करी वाहने शोधणे, त्यांचा पूर्वेतिहास लावणे आणि ती पुन्हा चालती करणे, असा हा उद्योग आहे. त्याला छंद म्हणावे की व्यसन, याबाबत आमच्या घरात एकमत नाही. परंतु घरच्यांनी तो चालू दिला आहे, एवढे मात्र खरे. आजच्या बोलण्यात यंत्राइतकेच स्थान घरच्या माणसांना द्यावे लागेल, कारण त्यांच्या संमतीवाचून हे यंत्र एक इंचही पुढे सरकत नाही.

पाश्चात्त्य देशांत हा छंद संघटित आहे. अमेरिकेत अशा संग्राहकांची ‘मिलिटरी व्हेइकल प्रिझर्व्हेशन असोसिएशन’ १९७६ पासून काम करते. फ्रान्समध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दर वर्षी जूनमध्ये, १९४४ च्या त्या स्वारीच्या स्मरणार्थ, सामान्य नागरिक आपल्या बायकामुलांसह जुन्या जीप आणि ट्रक घेऊन जमतात. कॅलिफोर्नियातील जॅक लिटलफील्ड या गृहस्थांनी तर रणगाड्यांचा खासगी संग्रह उभारला होता. २००९ मध्ये ते वारले आणि २०१४ मध्ये त्या संग्रहाचा बराच मोठा भाग लिलावात गेला. रणगाडा ठेवण्याची परवानगी आपल्याकडे कायदाही देणार नाही आणि आमच्या सौभाग्यवतीही देणार नाहीत. तेव्हा मी जीपवर समाधानी आहे. पण लिटलफील्डांच्या लिलावाची बातमी वाचली त्या दिवशी सौ. ने मला एक प्रश्न विचारला होता, त्याकडे मी पुढे येणारच आहे.

जीपची कुळकथा

जीपची जन्मकथा मोठी उद्बोधक आहे. १९४० मध्ये अमेरिकन सैन्याला चारही चाकांना गती देणारे हलके वाहन तातडीने हवे होते. पेनसिल्व्हेनियातील बटलर या गावच्या बॅन्टम नावाच्या लहानशा कंपनीने त्याच वर्षीच्या सप्टेंबरात पहिला नमुना सादर केला. नमुना पसंत पडला, पण कंपनी लहान. एवढ्या संख्येने वाहने बनविणे तिच्या आवाक्याबाहेरचे होते. मोठी कामे विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांना मिळाली आणि युद्ध संपेपर्यंत त्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप रस्त्यावर आणल्या. मूळ कल्पना ज्यांनी साकारली, त्या बॅन्टमचे नाव आज संग्राहकांपलीकडे कोणाला ठाऊक नसते. ‘जीप’ हे नाव कोठून आले याविषयी अनेक कथा आहेत. जाणकारांत एकमत नाही, म्हणून त्या सांगत बसत नाही.

आपल्याकडे जीप आली ती ब्रह्मदेशाच्या आघाडीमुळे. आसामातून लेडोच्या रस्त्याने ती पुढे गेली. ब्रह्मदेशात रबरी चाके काढून लोखंडी चाके बसवली आणि जीपने रुळांवरून मालडबेही ओढले. युद्ध संपल्यावर यातील कितीतरी वाहने येथेच राहिली, विकली गेली आणि मळ्यांत, जंगलखात्यात, पोलिसांत, संस्थानिकांच्या शिकारखान्यात शिरली. १९४७ पासून महिंद्र कंपनीने विलीजचे सुटे भाग आणून मुंबईत जीप जोडण्यास प्रारंभ केला. पुढे आपल्या सैन्यात दीर्घकाळ दिसली ती उंच बॉनेटची जीप. तिचे बॉनेट उंच का, असे मुले विचारतात. नव्या ‘हरिकेन’ इंजिनात हवा आत घेणाऱ्या झडपा वरच्या हेडमध्ये आल्या, इंजिनाची उंची वाढली, म्हणून झाकणही वर उचलावे लागले. आपल्या पिढीला मात्र जीप म्हटले की निवडणुकीच्या दिवसांत टपावर कर्णा बांधून धुरळा उडवीत गावात शिरणारी गाडीच आठवते. आपल्यापैकी अनेकांनी तिच्या मागच्या फळीवर बसून पत्रके वाटली असतील.

स्वतंत्र भारतातील गाजलेल्या पहिल्या संरक्षण-खरेदी प्रकरणाचे नावही ‘जीप प्रकरण’च आहे, हा योगायोग विसरून चालणार नाही. काश्मीरमध्ये लढाई चालू असताना, १९४८ मध्ये, लंडनमधील आपले तत्कालीन उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी दुरुस्त केलेल्या जुन्या जीप घेण्याचा करार केला. आल्या त्या जेमतेम १५५, आणि त्या सैन्याने वापरण्यास अयोग्य ठरवल्या. १९५५ मध्ये सरकारने प्रकरण बंद झाल्याचे जाहीर केले आणि दोनच वर्षांत मेनन संरक्षणमंत्री झाले. याविषयी माझे मत काय असेल, हे आपण ओळखलेच असेल. परंतु न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, त्याच मेनन यांच्या कारकिर्दीत, १९५९ मध्ये, जर्मनीच्या ‘मान’ कंपनीच्या परवान्याने जबलपूर येथे ‘शक्तिमान’ ट्रकची निर्मिती सुरू झाली. १९६५ आणि १९७१ या दोन्ही युद्धांत आपल्या सैन्याचे धान्य, दारूगोळा आणि माणसे वाहणारा हा ट्रक १९९६ पर्यंत बनत होता.

जबलपूरचेच दुसरे अपत्य म्हणजे जोंगा. ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेम्ब्ली’ या लांबलचक नावाच्या आद्याक्षरांतून हा शब्द झाला. मूळ गाडी जपानच्या निसानची, पेट्रोलवर चालणारी, सहा सिलिंडरांची, सुमारे चार लिटर क्षमतेच्या इंजिनाची. तिची ताकद अफाट आणि तहानही अफाट. १९९० च्या दशकात जिप्सी आली आणि जोंगा मागे पडली. क्रिकेटपटू महेंद्रसिंह धोनी यांनी २०१९ मध्ये जोंगा घेतल्याच्या बातम्या झळकल्या, तेव्हापासून तरुण मुले मला जोंगाविषयी विचारू लागली. मी त्यांना आधी सांगतो, गाडी नंतर. प्रथम पेट्रोलच्या टाकीचा आकार पाहा आणि मग वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहा.

या सर्वांत जीपचे स्थान वेगळे का? १० सप्टेंबर १९६५ चा दिवस आठवा. खेमकरण विभागात असल उत्तर येथे ४ ग्रेनेडियर्सचे कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या १०६ मिलिमीटर रिकॉइललेस तोफेने शत्रूचे पॅटन रणगाडे टिपले आणि तेथेच त्यांना वीरगती प्राप्त झाली. राष्ट्राने त्यांना परमवीरचक्र अर्पण केले. ही कथा आपण सर्वांनी शाळेत वाचली आहे. पण ज्याने जीपचा एकेक बोल्ट सोडवला आहे, त्याला ही कथा निराळी वाचावी लागते. जीपचा पत्रा एक-सव्वा मिलिमीटर जाडीचा असतो. पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखालीच असते. डोक्यावर कापड, बाजूला दरवाजा नाही. तोफ उडाली की मागच्या बाजूला ज्वाळा आणि धुळीचा लोट उठतो, त्यामुळे पहिल्याच गोळ्याला आपली जागा शत्रूला कळते. म्हणजे गोळा झाडायचा आणि तत्काळ गाडी हलवायची. चालकाचा गिअर एकदा अडकला तर दुसरी संधी नाही. ती गाडी हाती आल्यावाचून हे समजत नाही. पुस्तकात ‘जीपवरून’ हा एकच शब्द असतो.

नटबोल्टावरील अक्षर

माझी जीप मला २००४ मध्ये निफाड तालुक्यातील एका द्राक्ष बागायतदाराच्या गोठ्यामागे मिळाली. मूळ इंजिन जाऊन तेथे ट्रॅक्टरचे डिझेल इंजिन बसलेले होते. मागच्या भागावर औषध फवारणीची टाकी वेल्ड केली होती. रंग निळा. मालक सज्जन होते आणि त्यांच्या वडिलांच्या नावाचे जुने नोंदणी पुस्तक त्यांनी जपून ठेवले होते. या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्यांना माझा पहिला सल्ला हाच की, लोखंड पाहण्याआधी कागद पाहावा. सैन्याच्या लिलावातून बाहेर पडलेल्या वाहनाला नागरी नोंदणी नसते. लिलावाचे कागद हरवले असतील तर ते वाहन कितीही देखणे असो, अंगणातील शोभेची वस्तू होऊन राहते.

गाडी घरी आणल्यावर तारेचा ब्रश आणि रॉकेल घेऊन बसलो. तिसऱ्या रविवारी पुढच्या बंपरच्या एका बोल्टवरील गंज निघाला आणि त्यावर इंग्रजी ‘एफ’ हे अक्षर उमटलेले दिसले. फोर्ड कंपनीने युद्धकाळात आपल्या जीपच्या बोल्टांवर आणि अनेक सुट्या भागांवर हे अक्षर उठवले होते. विलीजच्या जीपवर ते नसते. मग चासीची पुढची आडवी पट्टी पाहिली. विलीजमध्ये तेथे गोल नळी असते, फोर्डमध्ये चौकोनी घडणीची पट्टी. ती चौकोनी होती. डाव्या बाजूला इंजिनाच्या आधाराजवळ चासीवर ‘जीपीडब्ल्यू’ ही अक्षरे आणि क्रमांक सापडला. आम्ही घरात ज्याला ‘तो निळा डबा’ म्हणत होतो, तो महायुद्धात बनलेला निघाला.

त्यानंतर सात वर्षे गेली. दोन्ही कंपन्यांच्या जीपला इंजिन एकाच आराखड्याचे, २,१९९ सीसीचे, साठ अश्वशक्तीचे असे. ते दिल्लीच्या मायापुरी बाजारातून आले. जुनी लष्करी वाहने आणि त्यांचे अवयव शोधणाऱ्यांची मायापुरीप्रमाणेच बंगालमधील पानागढ आणि हरियाणातील मंडी डबवाली ही तीर्थक्षेत्रे आहेत. कार्ब्युरेटर पुण्याच्या जुन्या बाजारात एका पोत्यातील पितळी नळांच्या तोट्यांमध्ये मिळाला. तो कशाचा आहे हे विक्रेत्याला ठाऊक नव्हते आणि, क्षमा असावी, मीही सांगितले नाही. विजेची मूळ यंत्रणा सहा व्होल्टची. पुष्कळ लोक कंटाळून बारा व्होल्ट करून टाकतात. सहा व्होल्टवर स्टार्टर रडतो तो बहुधा बॅटरीमुळे नव्हे, तर गंजलेल्या अर्थिंगमुळे. जोड खरडून स्वच्छ केले आणि जाड केबल घातली की तो मुकाट्याने चालतो. अलीकडे एक नवीनच दुखणे आले आहे. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असते. राष्ट्राच्या तेल आयातीच्या दृष्टीने ते योग्यच असेल, परंतु जुन्या इंधनपंपातील रबरी पडदा आणि गॅस्केट ते खाऊन टाकते. इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचा पडदा आता बाजारात मिळतो. तो बसवून घ्यावा. इंजिनाखाली पेट्रोल गळू लागेपर्यंत थांबू नये.

मूळ रूप जपावे की नवे करावे, हा या छंदातील खरा वादाचा विषय आहे. फिलिपिन्समध्ये जीपची अख्खी नवी बॉडी बनते. ती आणून रंगवली की शोरूममधून आल्यासारखी गाडी उभी राहते. आपल्याकडे ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतात की, रथ म्हणजे काय, आस की चाके की जू? तो प्रश्न मला दर रविवारी पडत असे. माझे उत्तर तत्त्वज्ञाचे नाही, फिटरचे आहे. ब्रेक, स्टीअरिंग आणि टायर यांत जुनेपणाचा हट्ट नको, तेथे माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. बाकी जेथे जेथे माणसाचा स्पर्श उमटलेला आहे, तेथे हात लावायचा नाही. चालकाच्या पायाशी पत्रा टाचेने झिजून खोलगट झाला आहे. डेंटिंगवाल्याने तो बदलण्याचे दर सांगितले. मी त्याला चहा पाजून परत पाठवले.

रंगाचा प्रश्न

आपल्यापैकी जे मोटारीत रस घेतात, ते बाहेर जीप पाहून विचारतील, लष्करी गाडी आणि रंग करडा? केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ऑलिव्ह ग्रीन हा रंग केवळ संरक्षण दलांच्या वाहनांसाठी राखून ठेवलेला आहे. इतर कोणीही तो लावू शकत नाही. परदेशी संग्राहकांना हे सांगितले तर त्यांना आश्चर्य वाटते; त्यांच्याकडे मूळ रंग, मूळ खुणा, पांढरा तारा, सर्व काही लावता येते. आमच्या काही तरुण मित्रांना हा नियम जाचक वाटतो. मला तो मान्य आहे. सीमावर्ती भागात कोणते वाहन सैन्याचे आणि कोणते नाही, हे पाहताक्षणी कळणे हा सुरक्षेचा प्रश्न आहे. आणि दुसरेही एक कारण आहे. छद्मवेशी जाकीट घालून, गाडीवर खोटी बोधचिन्हे चिकटवून, लाल फलकावर तारे लावून फिरणारी मंडळी मी पाहिली आहेत. गणवेश कमवावा लागतो. ज्याने तो कमावला नाही, त्याने आपल्या गाडीलाही तो चढवू नये.

मात्र रंग खरवडताना घाई करू नये. निळ्याखाली पांढरा, त्याखाली करडा, त्याखाली हिरवा आणि त्याखाली आणखी गडद हिरवा, असे थर निघाले. बॉनेटच्या उजव्या बाजूला पिवळ्या वर्तुळाचा अर्धा भाग दिसला. पुलावरून जाताना वाहन कोणत्या भारवर्गाचे आहे, हे सांगणारी ती खूण. आतला आकडा गेलेला आहे. तेवढा भाग आणि बॉनेटच्या आतल्या बाजूचा हातभर मूळ रंग मी पारदर्शक लेप देऊन तसाच ठेवला आहे. बाकी गाडी तिसऱ्या थराच्या करड्या रंगात आहे, कारण सैन्य सोडल्यानंतरचा तिचा पहिला रंग तोच होता.

केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये पुराण वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले, ही या छंदाच्या दृष्टीने चांगली गोष्ट झाली. पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूप राखलेली दुचाकी आणि चारचाकी वाहने त्यात नोंदवता येतात. नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षे, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. रोजच्या वापराला परवानगी नाही. प्रदर्शन, संशोधन, रॅली आणि दुरुस्ती-इंधनासाठी बाहेर काढता येते. मूळ रूपाची अट असल्याने डिझेल इंजिन घातलेल्या जीपला येथे जागा नाही, हे लक्षात ठेवावे.

घरची वही

आता घराकडे वळतो. मला वाटते, आजच्या श्रोत्यांपैकी निम्म्यांना हाच भाग ऐकायचा आहे.

जीप दारात आली त्या वर्षी कन्या नववीत होती, चिरंजीव सहावीत, आई ऐंशीच्या घरात. सौ. ने विरोध केला नाही. तिने अटी घातल्या. मुलांच्या शिक्षणाच्या ठेवीला हात लावायचा नाही. स्वयंपाकघरात यंत्राचा कोणताही भाग येणार नाही. आणि प्रत्येक खर्च एका वहीत लिहिला जाईल. ती वही तिच्याकडे असते. तिसरी अट सर्वांत कठीण, कारण माणूस बायकोशी खोटे बोलू शकतो, वहीशी नाही. त्या वहीत ‘गॅस्केट’ खाली ‘चिरंजीवांची सहल’, त्याखाली ‘आईंचे चष्मे’ अशा नोंदी आहेत. एखाद्या महिन्यात जीपपुढे शून्य आहे, त्या महिन्यात कोणते आजारपण होते हे मला आजही सांगता येते. सात वर्षे लागली ती केवळ सुटे भाग मिळत नव्हते म्हणून नव्हे. एकूण बेरीज किती झाली, हे सौ. ने मला अद्याप दाखवलेले नाही.

दुसऱ्या अटीचा भंग एकदा झाला. इडलीच्या भांड्यात कार्ब्युरेटर उकळण्याचा प्रयोग चिरंजीवांनी केला, मी नव्हे, याची कृपया नोंद घ्यावी. छपराखालची एकमेव जागा जीपला दिल्यामुळे घरची मोटार चार पावसाळे रस्त्यावर भिजत उभी राहिली. शेजाऱ्यांना यातील तर्क कधीच समजला नाही. मलाही तो शब्दांत मांडता आलेला नाही.

घरातील वातावरण पालटले ते आईमुळे. खंडेनवमीला ती घरातील शिवणयंत्र, विळी, माझी पानांची पेटी या सर्वांची पूजा करीत असे. त्या वर्षी ती काठी टेकत खाली आली, चाके नसलेल्या, ठोकळ्यांवर उभ्या असलेल्या त्या सांगाड्याला हळदकुंकू वाहिले आणि म्हणाली, “ह्याच्यावर बसून कोणाची तरी मुलं लढायला गेली असतील.” आम्ही तोवर सिलिंडर आणि सीसी यांच्यापलीकडे गेलो नव्हतो. त्यानंतर घरात कोणी ‘डबा’ हा शब्द वापरला नाही.

कन्येला पाना मागताना आकडा सांगावा लागत नसे. अमेरिकन गाडी असल्याने सगळे पाने इंची मापाचे. बोल्टकडे पाहूनच ती अर्धा इंची की नऊ-सोळांश, ते ओळखे. आता ती जर्मनीत असते. चिरंजीवांना मात्र गाडीत रस नाही, आणि ते त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले आहे. म्हणूनच लिटलफील्डांच्या संग्रहाचा लिलाव झाल्याचे वाचून सौ. ने विचारलेला प्रश्न मला टाळता येत नाही. ती म्हणाली, “तुमच्यानंतर हिचं काय करायचं, ते वहीत लिहून ठेवा.”

चौथरा आणि गॅस कटर

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, येथील कॅव्हलरी टँक म्युझियम आपण मुलांना अवश्य दाखवावे. सैन्याच्या आर्मर्ड कोअर केंद्राने १९९४ मध्ये ते उभारले. रोल्स-रॉइसच्या चिलखती गाडीपासून मटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल आणि हस्तगत केलेला पॅटन तेथे आहेत. रणगाड्यांची काळजी घेणारे कोणीतरी आहे. पण लष्करी वाहनांमध्येही एक वर्णव्यवस्था आहे. रणगाड्याला चौकात चौथरा मिळतो. डाळतांदूळ, पत्रे, रक्ताच्या बाटल्या आणि जखमी वाहून नेणाऱ्या ट्रकला गॅस कटर मिळतो. संख्येने पुष्कळ असल्यामुळे कोणाला ते जपावेसे वाटत नाहीत आणि एक दिवस एकही उरत नाही. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षे ओलांडलेल्या सरकारी वाहनांची नोंदणी पुढे चालू राहत नाही, ती भंगारातच काढावी लागतात. युद्धकार्याच्या विशेष वाहनांना यातून वगळले आहे. प्रदूषणाचा विचार करता धोरण समजण्यासारखे आहे. म्हणूनच प्रत्येक प्रकारचे एक तरी वाहन कोणीतरी आधी बाजूला काढून ठेवले पाहिजे. आज जी वाचतात, त्यांतील काहींचे पुढचे तोंड कापून उपाहारगृहात सरबताचा ओटा म्हणून मांडलेले मी पाहिले आहे. त्यापेक्षा भट्टी बरी.

वाहनांहून अधिक वेगाने जात आहेत ती माणसे. १९७१ साली विशीत असलेला जवान आज पंचाहत्तरीच्या घरात आहे. सातारा जिल्ह्यातील एक निवृत्त हवालदार, ईएमईचे, म्हणजे सैन्याची यंत्रे दुरुस्त करणाऱ्या दलाचे, माझ्याकडे सहा-सात वर्षे अधूनमधून येत असत. पहिल्या भेटीत त्यांनी लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावली, डोळे मिटले आणि म्हणाले, “साहेब, तिसऱ्याचा टॅपेट ढिला हाय.” मी म्हटले, “हवालदारसाहेब, कालच गॅरेजमध्ये तपासून आणलंय.” ते म्हणाले, “मग त्यांनी गरम असताना बघितला नसंल.” झाकण उघडून पाहिले. तिसऱ्याचाच होता.

खोलगट झालेल्या त्या पत्र्यावर ते बराच वेळ हात फिरवीत राहिले. मग लडाखच्या शक्तिमान ट्रकांविषयी बोलले. हिवाळ्यात रात्री पाळ्या लावून इंजिने सुरू करावी लागत, नाहीतर सकाळी तेल डांबरासारखे घट्ट होई. बंद पडलेल्या ट्रकच्या तेलपात्राखाली स्टोव्हची ज्योत धरून ते पातळ करीत. हातमोजा काढून पाना धरला तर कातडी लोखंडाला चिकटे, आणि मोजा घालून नट हाताला लागत नसे. म्हणून प्रत्येकाने एका मोज्याची दोन बोटे कापून ठेवली होती. हे कोणत्याही युद्धेतिहासात मी वाचलेले नाही. त्यांचे एकंदर साडेचार तासांचे बोलणे मी ध्वनिमुद्रित केले. दोन वर्षांपूर्वी ते गेले. तेराव्याला गेलो तेव्हा ते मुद्रण त्यांच्या घरात कोणी ऐकलेले नव्हते, कापलेल्या मोज्याची गोष्ट तर मुलालाही ठाऊक नव्हती. नात बारावीत आहे. तिने ते मागून घेतले आणि सबंध ऐकून, न समजलेल्या शब्दांची यादी मला पाठवली. डिफरन्शिअल म्हणजे काय, हे तिला टपालाने आकृती काढून कळवले आहे.

सौ. च्या प्रश्नाचे उत्तर वहीत लिहिले आहे. जीपचा कोणता भाग मूळ, कोणता कोठून आला, रंगाचे थर कोणते, हे सर्व त्यात आहे. माझ्यानंतर ती एखाद्या सैनिकी शाळेला किंवा संग्रहालयाला चालत्या स्थितीत द्यावी, तुकडे करून विकू नये आणि ती घेणाऱ्याने हवालदारसाहेबांचे मुद्रणही सोबत घेतले पाहिजे. चिरंजीवांनी त्याखाली सही केली आहे. घेणारे अजून मिळालेले नाहीत. दोन ठिकाणी विचारले. एकीकडे जागा नाही, दुसरीकडे रणगाडा असेल तर सांगा म्हणाले. शोध चालू आहे.

आपल्या सोसायटीत, नात्यात, गावी सैन्यात चालक किंवा मेकॅनिक म्हणून सेवा केलेले कोणी असतील तर त्यांचे नाव आणि गाव संयोजकांकडे लिहून द्यावे. मी ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन येईन, एसटीने येईन, जेवणाची व्यवस्था नको. त्यांच्याकडे जुने छायाचित्र, सेवापुस्तिका, एखादे हत्यार म्हणजे पाना वगैरे असेल तर तेही जपून ठेवायला सांगावे.

जीप खाली प्रांगणात उभी आहे. मुलांनी आत बसायला हरकत नाही, फक्त बॉनेटवर चढू नये, तेथे जुना रंग आहे. मघाशी सांगितल्याप्रमाणे टाकी चालकाच्या आसनाखाली आहे, तेव्हा विडी-सिगारेटवाल्यांनी लांब राहावे. सुरू करून दाखवीन, पण नऊच्या आत. समोरच्या इमारतीत एक वयोवृद्ध गृहस्थ आजारी आहेत, त्यांच्या घरी तसा शब्द दिला आहे.